कव्हराच्या पाठीवरची नावे : दुर्लक्षित जॅझ तबकड्यांचा शोध (चर्चा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

पाठपान

जॅझच्या जुन्या तबकड्या जमवणाऱ्या बहुतेकांचा प्रवास ठरावीक पाच-दहा नावांपाशी सुरू होतो आणि पुष्कळदा तिथेच थांबतो. माइल्स डेव्हिस, जॉन कोल्ट्रेन, डेव्ह ब्रुबेक यांच्या गाजलेल्या तबकड्या एकदा हाती आल्या, की पुढे काय ऐकावे हे आपण याद्यांमध्ये शोधू लागतो, आणि त्या याद्या फिरून त्याच तबकड्यांपाशी येतात. यातून बाहेर पडण्यासाठी मी एक साधी सवय लावून घेतली. कव्हरचा दर्शनी भाग पाहण्याआधी ते उलटायचे आणि पाठीवर बारीक अक्षरांत छापलेली साथीदारांची नावे वाचायची. समोरचे नाव कंपनीने विक्रीचा विचार करून मोठे केलेले असते; ड्रम्सवर आणि बासवर कोण बसले आहे यावरून मात्र त्या कलाकाराला त्याच्या बरोबरीच्या वादकांमध्ये काय किंमत होती हे कळते.

माझा पहिला धागा मॅक्स रोच या ड्रमवादकाचा होता. ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन यांच्याबरोबरच्या तबकड्यांमुळे त्यांचे नाव परिचयाचे होते. ते नाव एका कव्हरच्या पाठीवर दिसले म्हणून मी ‘हर्बी निकोल्स ट्रायो’ ही तबकडी ऐकली. ब्लू नोट कंपनीने १९५६ साली काढलेल्या या तबकडीचा क्रमांक १५१९. निकोल्स हे न्यूयॉर्कचे पियानोवादक. आईवडील सेंट किट्स आणि त्रिनिदादकडचे. आधुनिक वळणाच्या स्वतःच्या रचना लिहिणाऱ्या या माणसाला पोटासाठी मात्र जुन्या डिक्सीलँड पद्धतीच्या बँडमध्ये वाजवावे लागले. बिली हॉलिडे यांनी शब्द लिहून गायलेल्या ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ या गीताची चाल निकोल्स यांची, हे आजही अनेकांना ठाऊक नसते. १९६३ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने ते गेले. ब्लू नोटसाठी त्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी काही त्यांच्या हयातीत बाहेर आलीच नाहीत, आणि सर्व एकत्र ऐकायला मिळण्यासाठी १९८७ साली जुनी ध्वनिमुद्रणे पुन्हा काढणाऱ्या मोझॅक कंपनीचा संच निघावा लागला.

पहिल्यांदा ऐकताना ही तबकडी मला अडखळती वाटली, हे कबूल करतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्षात आले की ड्रम्स मागे राहून ठेका धरत नाहीत, पियानोने सोडलेल्या जागा ते भरून काढतात, किंबहुना त्या जागा ड्रम्ससाठीच सोडलेल्या आहेत. रोच यांचाच माग पुढे काढला तेव्हा ट्रम्पेटवादक बुकर लिटल यांची ‘आउट फ्रंट’ ही कँडिड कंपनीची तबकडी सापडली. तिच्यावर सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फीही आहेत. मार्च-एप्रिल १९६१ मध्ये तिचे ध्वनिमुद्रण झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिटल अवघ्या २३ व्या वर्षी वारले. ज्याच्या नावावर चार-पाचच तबकड्या आहेत आणि जो पुढे कार्यक्रम करायला उरला नाही, त्याचे नाव दुकानदाराच्या आणि समीक्षकाच्या तोंडी कशामुळे राहावे?

आपण सर्वांनी आपापले असे माग लिहावेत, ही विनंती.

खरखर

लेख आवडला, पण एक शंका आधीच नोंदवून ठेवतो. दुर्मीळ, दुर्लक्षित आणि दर्जेदार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तबकड्या जमवणाऱ्या लोकांत त्यांची सर्रास गल्लत होते. एखादी तबकडी दुर्मीळ असते कारण तिच्या प्रती कमी निघाल्या; त्याचा वादनाशी काही संबंध असेलच असे नाही. मी स्वतः निव्वळ ‘कोणी ऐकलेली नाही’ या मोहाने अशा तबकड्या घेतल्या आहेत, ज्या कोणी का ऐकल्या नसाव्यात हे पहिल्या बाजूच्या मध्यावरच समजले. थकलेला बँड, सराव न झालेली धून, प्रत्येकाचे एकल वादन त्याच क्रमाने आणि त्याच लांबीचे. कंपन्यांनी काही ध्वनिमुद्रणे कपाटात ठेवून दिली ती योग्य कारणानेच ठेवली असतील, हेही लक्षात घ्यायला हवे.

साथीदारांच्या नावांबद्दलही सावध राहावे. पॉल चेंबर्स यांच्यासारखे बासवादक त्या काळात इतक्या ध्वनिमुद्रणांत वाजवत होते की त्यांचे नाव असणे ही गुणवत्तेची हमी धरता येत नाही.

समेवर

खरखर, आपली शंका रास्त आहे, पण ‘योग्य कारणाने कपाटात ठेवले असेल’ या गृहीतकाला टेनर सॅक्सोफोनवादक टिना ब्रूक्स यांचे उदाहरण चांगलेच छेद देते.

ब्रूक्स यांनी १९५८ ते १९६१ या काळात ब्लू नोटसाठी स्वतःच्या नावाने चार तबकड्यांचे ध्वनिमुद्रण केले. त्यांपैकी हयातीत प्रसिद्ध झाली ती एकच, ‘ट्रू ब्लू’. तिसऱ्या तबकडीला, म्हणजे ‘बॅक टु द ट्रॅक्स’ला, ४०५२ हा क्रमांकसुद्धा देऊन झाला होता, तरी ती निघाली नाही. आता तारखा पाहा. १९ जून १९६० रोजी फ्रेडी हबर्ड यांच्या ‘ओपन सेसमी’चे ध्वनिमुद्रण झाले, त्यात ब्रूक्स होते आणि शीर्षकाची रचनाही ब्रूक्स यांचीच. सहाच दिवसांनी, २५ जूनला, ‘ट्रू ब्लू’ झाली आणि तिच्यात ट्रम्पेटवर हबर्ड होते. एकाच आठवड्यात, एकाच स्टुडिओत, जवळपास एकाच तोलाची दोन ध्वनिमुद्रणे. हबर्ड यांची कारकीर्द तिथून उभी राहिली. ब्रूक्स १९६१ नंतर ध्वनिमुद्रणांतून नाहीसेच झाले आणि १९७४ साली वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘मायनर मूव्ह’ ही १९५८ ची तबकडी १९८० साली प्रथम निघाली तीही जपानमध्ये, आणि चारही ध्वनिमुद्रणे एकत्र आली ती १९८५ च्या मोझॅक संचात.

यात दर्जाचा प्रश्न कुठे आहे? ब्लू नोटचे संस्थापक आल्फ्रेड लायन जितके बाजारात आणणे परवडे त्याहून कितीतरी अधिक संगीत ध्वनिमुद्रित करत असत. छोट्या कंपनीला एका वेळी ठरावीकच तबकड्या काढता येतात, आणि मग ज्या कलाकाराचा बँड गावोगाव फिरत आहे त्याला अग्रक्रम मिळतो, कारण कार्यक्रमामागोमाग तबकडी खपते. ब्रूक्स यांच्याकडे असा फिरता बँड नव्हता. कपाटातल्या ध्वनिफितींकडे पाहताना वादनाइतकाच हा हिशेबही पाहावा लागतो.

सुईचे टोक

चर्चा संगीताची चालू आहे, तरी तबकडी या वस्तूबद्दल थोडे लिहितो, कारण हाताशी आलेली प्रत नेमकी कोणत्या काळातली आहे हे कळले नाही तर शोध अर्धाच राहतो.

शेवटची धून संपल्यावर कागदी लेबलापर्यंत जी मोकळी, चकचकीत पट्टी असते ती तिरप्या उजेडात धरून वाचावी. तिथे साच्याचा क्रमांक कोरलेला असतो आणि बऱ्याचदा ज्याने मूळ तबकडीवर खोबण्या कापल्या त्याची खूणही. ‘आर व्ही जी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ अशी अक्षरे असतील, तर ते काम रुडी व्हॅन गेल्डर यांचे. दिवसा डोळे तपासून चष्मे देण्याचा व्यवसाय करणारे हे गृहस्थ न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक येथे आईवडिलांच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत ध्वनिमुद्रण करत असत. १९५९ साली त्यांनी एंगलवुड क्लिफ्स येथे स्वतंत्र स्टुडिओ उभारला. ब्लू नोट, प्रेस्टीज अशा कंपन्यांचे एरवी कोणाच्या गणतीत नसलेले कलाकारसुद्धा त्याच खोलीत, त्याच मायक्रोफोनसमोर वाजवून गेले, ही आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे. अनोळखी नाव आणि व्हॅन गेल्डर यांची खूण एकत्र दिसली, तर निदान ध्वनिमुद्रण निकृष्ट निघण्याची भीती उरत नाही.

ब्लू नोटच्या तबकड्यांवर आणखी एक खूण असते. प्लास्टिलाइट या कारखान्यात दाबलेल्या प्रतींवर त्या मोकळ्या पट्टीत इंग्रजी ‘पी’ वळणदार लिहिलेला असतो आणि तो कानासारखा दिसतो, म्हणून संग्राहक त्याला ‘कान’ म्हणतात. १९६६ साली कंपनी लिबर्टीने विकत घेतल्यावर तबकड्या दुसरीकडे दाबल्या जाऊ लागल्या, पण शिल्लक राहिलेली जुनी लेबले काही काळ वापरात राहिली. म्हणून लेबलावर जुना ‘न्यूयॉर्क यूएसए’ मजकूर आहे आणि कान मात्र नाही, अशी प्रत दिसली तर ती लिबर्टीच्या काळातली समजावी. लेबलावर खोल उमटलेल्या वर्तुळाकार खाचेला काही जण पहिल्या आवृत्तीचा पुरावा मानतात. ती खाच दाबयंत्राच्या जुन्या ठशांमुळे येते आणि जुने ठसे साठच्या दशकातही अधूनमधून वापरले गेले, तेव्हा केवळ खाचेवर विसंबणे बरोबर नाही.

आणि हो, कव्हरचा कोपरा कापलेला किंवा त्याला भोक पाडलेले दिसले तर नाक मुरडू नये. न खपलेला माल कंपनी यादीतून काढून टाके, तेव्हा तो पुन्हा पूर्ण किमतीला परत येऊ नये म्हणून कव्हरवर अशी खूण केली जाई. दुर्लक्षित तबकड्या शोधणाऱ्याला याहून स्पष्ट पाटी कोणती मिळणार! शिवाय अशा प्रती पुष्कळदा फारशा वाजलेल्या नसतात.

नवा श्रोता

माझ्याकडे पहिल्या आवृत्त्यांच्या मागे धावण्याइतकी ऐपत नाही आणि जागाही नाही. मूळ प्रत नसेल तर हा शोध व्यर्थ आहे का? आणि ‘स्टिरिओ’ असे लिहिलेली प्रत नेहमी चांगली असते, असे समजावे का?

सुईचे टोक

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ ‘नाही’ असे आहे. प्रेस्टीज, रिव्हरसाइड आणि कंटेम्पररी या तिन्ही कंपन्यांचा संग्रह पुढे फँटसी कंपनीकडे गेला आणि तिने १९८० च्या दशकात ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ या मालिकेतून मूळ कव्हरांसह शेकडो तबकड्या पुन्हा काढल्या. एल्मो होप यांच्यासारख्या मागे पडलेल्या पियानोवादकाचे काम अनेकांनी प्रथम ऐकले ते त्याच मालिकेमुळे. जपानी आवृत्त्यांचा दर्जाही साधारणपणे उत्तम असतो. शांत पृष्ठभाग आणि जाड पुठ्ठ्याचे कव्हर ही त्यांची ओळख. उलट पहिली आवृत्ती म्हणून घेतलेली प्रत पन्नास वर्षांपूर्वीच्या जड सुईखाली इतकी झिजलेली असू शकते, की सॅक्सोफोनचा प्रत्येक चढा स्वर फाटतो. ही झीज डोळ्यांना दिसतेच असे नाही. मला एकाने ‘जवळपास नवी’ म्हणून दिलेली प्रत आरशासारखी चमकत होती आणि ऐकताना मात्र आतल्या खोबण्यांत फरफर करत होती. प्रत विकत घेण्याआधी ऐकायला मिळत असेल तर पहिली धून ऐकत बसू नये. प्रत्येक बाजूची शेवटची धून ऐकावी. केंद्राजवळ खोबणीचा वेग कमी होतो, त्यामुळे खराबी तिथे सर्वांत आधी उघड होते.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावे. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५७-५८ च्या सुमारास. त्याआधीच्या मोनो ध्वनिमुद्रणाच्या पुनर्मुद्रित प्रतीवर ‘इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड’ अशा अर्थाचा मजकूर असेल, तर तिथे एकाच आवाजाचे कृत्रिमरीत्या दोन भाग केलेले असतात. बारीक स्वर एका बाजूला, जाड स्वर दुसऱ्या बाजूला, वर थोडा घुमारा. पियानो खोलीभर सांडल्यासारखा वाटतो. लिबर्टीच्या काळात ब्लू नोटच्या १९५० च्या दशकातल्या अनेक तबकड्यांवर हा प्रयोग झाला. त्यापेक्षा साधी मोनो प्रत कितीतरी बरी.

दुसरी बाजू

आतापर्यंत एकाही स्त्री वादकाचे नाव आले नाही, म्हणून लिहिते. त्यांच्याकडे झालेले दुर्लक्ष हे कंपनीच्या हिशेबाने पुरते समजावून घेता येत नाही.

डेट्रॉइटच्या डोरोथी अॅशबी यांनी हार्प हे वाद्य जॅझमध्ये आणले ते शोभेपुरते नव्हे. त्या त्यावर गिटारवादकाने वाजवावे तसे नेमके, तुटक, लयीला चिकटून वाजवतात. ‘हिप हार्प’ ही १९५८ ची प्रेस्टीज कंपनीची तबकडी ऐकावी. बासरीवर फ्रँक वेस आहेत आणि ड्रम्सवर आर्ट टेलर. हे तेच टेलर जे दोन वर्षांनी समेवर यांनी उल्लेखिलेल्या ‘ट्रू ब्लू’वर वाजवतात, म्हणजे पाठपान यांची पद्धत इथेही लागू पडतेच. १९६८ च्या ‘आफ्रो-हार्पिंग’मुळे अॅशबी यांचे नाव आज थोडेफार घेतले जाते, पण माझ्या मते आधीच्या छोट्या संचातल्या तबकड्यांमध्ये त्यांचे वादन अधिक उघडे आणि धीट आहे.

दुसरे नाव युटा हिप यांचे. लाइपझिगला जन्मलेल्या या पियानोवादक १९५५ साली न्यूयॉर्कला आल्या आणि पुढच्याच वर्षी सॅक्सोफोनवादक झूट सिम्स यांच्याबरोबर त्यांची ब्लू नोटची तबकडी झाली. त्यानंतर काही काळातच त्यांनी संगीत सोडले, कपडे शिवण्याच्या कारखान्यात नोकरी धरली, आणि २००३ साली मृत्यू येईपर्यंत त्या मंचावर परतल्या नाहीत. सिम्स यांच्याबरोबरची ती तबकडी आज संग्राहकांत फार मागणीची आहे. तिच्याबद्दल बोलताना लोक बहुधा ती किती दुर्मीळ आहे हेच सांगतात, हिप कसे वाजवतात ते क्वचितच. खरखर यांनी म्हटलेली गल्लत ती हीच असावी.

खरखर

दुसरी बाजू, मान्य. मीच दिलेला इशारा माझ्यावर उलटवणारे एक उदाहरण मला या निमित्ताने आठवले, ते लिहून टाकतो.

मॅक्स रोच यांचा माग काढताना पाठपान बहुधा फिलाडेल्फियाचे पियानोवादक हसान इब्न अली यांच्यापर्यंत पोहोचले असतील. १९६५ साली अटलांटिक कंपनीने काढलेल्या रोच ट्रायोच्या तबकडीवर त्यांचा उल्लेख ‘द लेजेंडरी हसान’ असा आहे. ज्याची एकही तबकडी तोवर निघालेली नव्हती त्याला दंतकथा म्हणणे हा विक्रीचा चावटपणा आहे, असे मला ऐकण्याआधी वाटले होते. ऐकल्यावर तो शब्द मी निमूटपणे मान्य केला. त्याच वर्षी त्यांचे स्वतःच्या नावाचे ध्वनिमुद्रणही झाले, टेनर सॅक्सोफोनवर ओडीन पोप यांना घेऊन. ते प्रसिद्ध झाले नाही. १९७८ साली न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँच येथे अटलांटिकच्या गोदामाला आग लागली आणि त्यात त्या ध्वनिफिती जळाल्या असे धरले गेले. हसान १९८० साली वारले. पुढे त्या ध्वनिमुद्रणाची जपून राहिलेली एक नक्कल सापडली आणि २०२१ साली ‘मेटाफिजिक्स’ या नावाने ते प्रसिद्ध झाले, म्हणजे तब्बल ५६ वर्षांनी. वादन खडबडीत आहे, काही ठिकाणी बँड हसान यांच्या मागे धावताना धापा टाकतो. पण कपाटात राहण्याजोगे ते मुळीच नाही.

समेवर

ड्रम्सवरून एकदम तबल्यावर येतो. पाठपान यांची पद्धत इतर वाद्यांना लावून पाहावी असे वाटले आणि हाताला एक अगदी वेगळी कडी लागली.

जमैकात जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये नाव कमावलेले आल्टो सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांची ‘इंडो-जॅझ सूट’ ही १९६६ ची तबकडी. तिच्यातल्या रचना कोलकात्याहून लंडनला गेलेले व्हायोलिनवादक जॉन मेयर यांच्या. कव्हरच्या पाठीवर पाहिले तर सतारीवर दिवाण मोतीहार आणि तबल्यावर केशव साठे. साठे हे नाव वाचून मी चमकलो, हे वेगळे सांगायला नको. तोच धागा पकडला तर पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९६७ मध्ये, जर्मनीतल्या फिलिंगेन येथे ‘जॅझ मीट्स इंडिया’चे ध्वनिमुद्रण झाल्याचे दिसते. तिथे मोतीहार आणि साठे पुन्हा एकत्र आहेत, पण या वेळी पियानोवर स्वित्झर्लंडच्या इरेन श्वाइत्झर आणि त्यांचा मुक्त पद्धतीने वाजवणारा संच.

दोन्ही लागोपाठ ऐकल्या तर फरक स्पष्ट होतो. मेयर यांच्या रचनेत सगळे लिहिलेले आहे, आणि जॅझ व तबला आळीपाळीने बोलतात. दुसऱ्या तबकडीत मांडणी सैल आहे, त्यामुळे साठे यांच्या ठेक्यावर युरोपीय वादक कधी स्वार होतात तर कधी त्यांची सम साफ चुकते. मला ही चुकणारी सम जास्त आवडते. हॅरियट यांनी त्याआधी, १९६० साली ध्वनिमुद्रित केलेली ‘फ्री फॉर्म’ ही तबकडी अमेरिकेतले मुक्त जॅझचे सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या छायेत सदैव झाकली गेली. ती ऐकली की हॅरियट कोणाची नक्कल करत नव्हते हे लगेच समजते. तिथे पाचही वादक एकमेकांना जागा देतात, आणि मौनाचा वापर इतका नेटका आहे की तबकडीची खरखरसुद्धा नको तिथे ऐकू येते.

पाठपान

समेवर, केशव साठे यांची कडी मला अजिबात माहीत नव्हती. ‘जॅझ मीट्स इंडिया’ काल रात्री दोनदा ऐकली. साठे काही ठिकाणी ठेका धरून राहण्याऐवजी ड्रमवादकाला प्रश्न विचारल्यासारखे एखादा तुकडा टाकतात आणि थांबतात, आणि उत्तर यायला लागणारा तो अर्धा क्षण मला निकोल्स आणि रोच यांच्या तबकडीतल्या रिकाम्या जागांची आठवण करून देत होता.

खरखर, हसान यांची पहिली तबकडी माझ्याकडे आहे, दुसरी नाही. ती आता शोधतो. माझ्या प्रतीच्या कव्हरचा उजवा कोपरा कापलेला आहे. आजवर मी तो भाग पुठ्ठ्याने झाकून ठेवत होतो, तो पुठ्ठा आज काढला.

दरम्यान निकोल्स यांच्या तबकडीची पाठ पुन्हा वाचली, तेव्हा आजवर नजर घसरत आलेले एक नाव दिसले. बासवादक टेडी कोटिक. या नावाचा माग कोणी काढला असेल तर सांगावे, नाहीतर पुढचा महिना मी त्यातच घालवणार आहे.